वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्या

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

‘मी २४ वर्षांची आहे. एका ख्रिस्ती मिशनसंस्थेच्या केंद्रातील माझे प्रशिक्षण संपत आले असून तीन आठवड्यांनी मी दोन वर्षांच्या सेवेसाठी परदेशी जाणार आहे. घरी आई, बाबा आणि शिकत असलेला धाकटा भाऊ आहे. आई माझ्यासाठी रोज प्रार्थना करते, पण फोनवर बोलता बोलता तिला रडू फुटते. आपला विरोध नाही असे बाबा म्हणतात, मात्र मागच्या भेटीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुझ्या आईला काही झाले तर तू येऊ शकशील का?” मी “देव सांभाळील” एवढेच म्हणाले आणि तेव्हापासून ते माझ्याशी जेवढ्यास तेवढेच बोलतात. निघण्यापूर्वी घरी सविस्तर पत्र लिहावे असे आम्हाला प्रशिक्षणात सुचवले आहे. मी चार पानांचा मसुदा केला असून तो सोबत पाठवत आहे. वाचल्यावर तो मलाच खोटा वाटतो, पण चुकते कुठे ते कळत नाही. कृपया मार्गदर्शन कराल का?’

सप्रेम नमस्कार.

तुमचा मसुदा मी लक्षपूर्वक वाचला. तो खोटा नाही. त्यातल्या प्रत्येक ओळीत तुमची श्रद्धा आहे आणि ती ओढूनताणून आणलेली वाटत नाही. तरीही वाचताना तुम्हाला जे खटकले ते योग्यच खटकले, कारण चार पानांपैकी जवळजवळ साडेतीन पाने तुमच्या पाचारणाविषयी, म्हणजे देवाने तुम्हाला या सेवेसाठी बोलावल्याविषयी आहेत, उरलेल्या अर्ध्या पानात आईची समजूत घातली आहे, आणि बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचा उल्लेख संपूर्ण पत्रात एकदाही आलेला नाही. ज्या माणसाने एकच प्रश्न विचारला, त्याला चार पाने लिहून त्या प्रश्नाला हात लावायचा नाही, ही त्या पत्रातली खरी उणीव आहे. तुमच्या मनाला ती जाणवते आहे, म्हणून बाकीचा खरा मजकूरही तुम्हाला पोकळ वाटतो.

बाबांचा प्रश्न तुम्ही श्रद्धेविषयीचा प्रश्न म्हणून ऐकला असावा, असे मला वाटते. तो तसा नव्हता. देव सांभाळील की नाही, हे त्यांनी विचारले नव्हते. तू येऊ शकशील का, एवढेच विचारले होते. त्याचे उत्तर काही अंशी माहितीचे आहे आणि काही अंशी निर्णयाचे आहे, आणि या दोन्ही गोष्टी निघण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत तुम्हाला करता येण्याजोग्या आहेत.

आधी माहिती. संस्थेच्या कार्यालयात जाऊन स्पष्ट विचारा की घरी गंभीर आजारपण किंवा मृत्यू झाल्यास सेवकाला रजा मिळते का, कोणत्या नात्यांसाठी मिळते, किती दिवसांची मिळते आणि येण्याजाण्याच्या तिकिटाचा खर्च संस्था उचलते, विमा उचलतो की तो आपला आपण करायचा असतो. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आहे की अनेकदा, हेही पाहून घ्या. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर तुम्ही घरी येऊ शकाल, परंतु परतण्यासाठी सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागेल, आणि हे ऐन वेळी कळणे फार त्रासाचे असते. काही देशांत निवास परवान्याचे काम चालू असताना पासपोर्ट तिथल्या सरकारी कार्यालयात जमा राहतो. तुमच्या बाबतीत तसे होणार असेल तर अशा काळात तातडीने बाहेर पडण्याची काय व्यवस्था आहे, ते विचारा. ही उत्तरे शक्यतो लेखी घ्या. संस्थेवर अविश्वास दाखवण्याचा यात प्रश्न नाही; चांगल्या संस्थेकडे ही उत्तरे तयार असतात आणि ती मागितल्याचा तिला राग येत नाही.

आता निर्णयाचा भाग, जो अधिक कठीण आहे. समजा रजा मिळते, तिकिटाची सोय आहे आणि व्हिसाही अनुकूल आहे. तरीही आई दीर्घकाळ आजारी पडली तर तुम्ही सेवा मध्येच सोडून याल का? याचे उत्तर संस्था देऊ शकत नाही. ते तुम्हीच प्रार्थनेने आणि विचाराने आता ठरवायला हवे, कारण दूरवरच्या एखाद्या गावात, घाबरलेल्या भावाचा फोन कानाशी असताना ते नीट ठरवता येणार नाही. तुमचे उत्तर ‘येईन’ असेल तर तसे लिहा. ‘पंधरा दिवस येईन, पण कायमची परतणार नाही’ असे असेल तर तेही लिहा. बाबांना ते आवडणार नाही कदाचित, पण ज्यावर विसंबून पुढचा विचार करता येईल असे काहीतरी त्यांच्या हाती येईल. ‘देव सांभाळील’ या उत्तरावर वडिलांना पुढे काहीच बोलता येत नव्हते. बोलावे तर मुलीच्या श्रद्धेवर बोट ठेवल्यासारखे होणार, म्हणून ते गप्प झाले असावेत.

तो परिच्छेद साधारण असा होऊ शकेल. तपशील अर्थातच तुमच्या चौकशीप्रमाणे बदलतील. ‘बाबा, आईला काही झाले तर मी येऊ शकेन का, असे तुम्ही विचारले होते. त्या दिवशी मी त्याचे उत्तर दिले नाही. आता मी कार्यालयात चौकशी केली आहे. तुमच्यापैकी कोणी गंभीर आजारी पडले तर मला रजा मिळते आणि तिकिटाचा खर्च संस्था करते. मी जिथे असेन तिथून घरी पोचायला दोन दिवस लागतील, त्यामुळे मी लगेच पोचेन असे मी म्हणू शकत नाही. पण मी निघेन, हे मी ठरवले आहे.’ या मजकुरात एकही अलंकार नाही आणि तो असू नये. मसुद्याच्या पहिल्या पानावरचा सेवेच्या वाटेविषयीचा सुंदर परिच्छेद या मजकुरानंतर येऊ द्या. आधी आला तर बाबा तो वाचतील, पण त्यांचे लक्ष पुढे उत्तर आहे का, याकडेच लागलेले असेल.

तिसऱ्या पानावर तुम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानातले दहाव्या अध्यायातले वचन उद्धृत केले आहे, जिथे येशू म्हणतो की जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही. ते वचन या पत्रातून काढून टाका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ते वचन शिष्याने स्वतःला ऐकवायचे आहे. त्याच आईबापांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात ते आले की त्याचा अर्थ पालटतो, आणि वाचणाऱ्या वडिलांना ते आपल्यावरचा निकाल वाटतो. तुम्हाला शास्त्राचा आधार हवाच असेल तर मार्काच्या सातव्या अध्यायाकडे वळा. तिथे येशू परूश्यांना, म्हणजे कर्मठ यहुदी पंथीयांना, आणि शास्त्र्यांना खडसावतो, कारण आईबापांना ज्याचा उपयोग व्हायचा ते ‘देवाला अर्पण केले आहे’ असे म्हणून त्यांनी मुलांना जबाबदारीतून मोकळे करण्याची वाट काढली होती. देवाच्या नावाने आईबापांना टाळणे त्याने मुळीच खपवून घेतलेले नाही. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर वधस्तंभावर असताना तो आईला शिष्याकडे आणि शिष्याला आईकडे सोपवतो, आणि त्या वेळेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले, असे पुढे लिहिले आहे. मरणाच्या वेदनेतही आईच्या पुढच्या दिवसांची सोय कोण पाहणार, हे त्याने स्पष्ट सांगितले. मसुद्याच्या शेवटी तुम्ही जी वचने भरली आहेत त्यांच्याऐवजी हे एकच प्रत्यक्ष करून दाखवा: तुमच्या मागे आईबाबांना दवाखान्यात कोण नेईल, बँकेचे किंवा कागदपत्रांचे काम अडले तर कोणाला हाक मारायची, रात्री-अपरात्री कोण येईल, हे नावानिशी लिहा. ज्यांची नावे लिहाल त्यांना आधी विचारा. आणि हे सगळे धाकट्या भावाच्या अंगावर ढकलू नका. ‘आता घरचा मोठा तूच’ हे तुमच्या मसुद्यातले वाक्य प्रेमाने लिहिलेले असले तरी शिकत्या मुलाच्या डोक्यावर ते फार मोठे ओझे आहे. त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहा आणि तिच्यात त्याच्या अभ्यासाविषयी, त्याच्या मित्रांविषयी विचारा.

आईविषयी थोडे अधिक लिहितो. ‘आई, रडू नकोस, हे देवाचे काम आहे’ असे तुम्ही लिहिले आहे. इंग्रज मिशनरी हडसन टेलर १९ सप्टेंबर १८५३ रोजी लिव्हरपूलहून चीनला निघाले तेव्हा ते २१ वर्षांचे होते. त्यांचा जन्म होण्याआधीच आईवडिलांनी मुलगा झाला तर तो चीनमधल्या सेवेसाठी देवाला अर्पण करण्याची प्रार्थना केली होती. म्हणजे त्यांच्या घरी या कार्याला विरोध नव्हता, उलट हा त्या घरचाच जुना संकल्प होता. आई त्यांना निरोप द्यायला जहाजावर गेली, त्यांच्या लहानशा खोलीत बसली, तिने त्यांचे अंथरूण हाताने सारखे केले, दोघांनी शेवटचे गीत म्हटले आणि प्रार्थना केली. मग जहाज गोदीच्या दारातून बाहेर पडू लागले तेव्हा तिच्या तोंडून जी आर्त किंकाळी निघाली ती आपल्या काळजातून सुरीसारखी आरपार गेली, असे टेलर यांनी पुढे लिहून ठेवले आहे. देवाने जगावर एवढी प्रीती केली की आपला एकुलता एक पुत्र दिला, या वचनाचा अर्थ आपल्याला तोवर इतका कळला नव्हता, असेही ते तिथे म्हणतात. ज्या आईने स्वतः मुलगा अर्पण केला तिलाही ते दुःख आवरले नाही, आणि त्या दुःखाने तिची श्रद्धा उणी झाली असे कोणी म्हणणार नाही. तुमची आई रडते म्हणजे ती देवाच्या कामाच्या आड येते, असे नव्हे. तेव्हा ते वाक्य खोडा आणि तिच्या रडण्याला पत्रात जागा द्या. तुम्हालाही रडू येते का, ते लिहा. मसुद्यात त्याविषयी एक शब्द नाही, पण मला लिहिलेल्या पत्रात तुम्ही दोन ठिकाणी त्याचा उल्लेख केला आहे. मला लिहिता येते ते आईला का लिहिता येऊ नये?

हे करताना भीती मात्र वाटते की खरे लिहिले तर घरचे अधिक घाबरतील. या भीतीपोटी तुम्ही दुसऱ्या पानावर ‘तिथे मला कसलाही त्रास होणार नाही’ असे लिहिले आहे. याला मी खोटे म्हणणार नाही, पण तुमच्या हाती नसलेल्या गोष्टीचे ते आश्वासन आहे. पुढे ब्रह्मदेशात काम केलेले अमेरिकन मिशनरी अडोनिराम जडसन यांनी १८१० मध्ये अ‍ॅन हॅसलटाइन यांच्या वडिलांना लग्नाची मागणी घालणारे पत्र लिहिले, ते या बाबतीत अगदी दुसऱ्या टोकाचे आहे. येत्या वसंतात मुलीचा निरोप घ्यायला आणि या जगात तिला पुन्हा कधीही न पाहायला आपण तयार आहात का, असे त्यांनी विचारले आणि समुद्राची संकटे, हिंदुस्थानची जीवघेणी हवा, हालअपेष्टा, अपमान, कदाचित हिंसेने येणारा मृत्यू, असे सगळे एकेक करून मांडले. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपवला. फेब्रुवारी १८१२ मध्ये लग्न झाले आणि त्याच महिन्यात दोघे सेलम बंदरातून जहाजाने निघाले. अ‍ॅन यांनी ब्रह्मदेशात फार सोसले आणि १८२६ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी तिथेच त्यांचा अंत झाला. पण पत्रातली एक गोष्ट घडली नाही. १८२२ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे त्या अमेरिकेला परत गेल्या आणि घरच्यांना पुन्हा भेटल्या. ‘पुन्हा कधीही न पाहणे’ हेही माणसाच्या हाती नव्हते. जडसन यांच्या पत्रातला सच्चेपणा मला मोलाचा वाटतो, त्यातली कठोरता तुम्ही घेऊ नये. तुमच्या सेवेच्या ठिकाणी कोणते धोके आहेत, लसी कोणत्या घेतल्या, डॉक्टर किती अंतरावर आहे, रात्री एकटीने प्रवास करायचा नाही असा नियम आहे की नाही, हे सांगा. त्यापुढचे काही गृहीत धरून धीर देऊ नका आणि घाबरवूही नका.

संपर्काच्या बाबतीतही तेच. ‘रोज फोन करीन’ असे तुम्ही लिहिले आहे. हे पाळले जाणार नाही, आणि पहिल्यांदा मोडले की त्या रात्री घरी कोणी झोपणार नाही. किती संपर्क ठेवावा याविषयी मिशनसंस्थांचे विचारही बदलत आले आहेत. अमेरिकेतल्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या तरुण मिशनऱ्यांना पूर्वी घरी आठवड्याला ईमेल करता येत असे, पण फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून त्यांना दर आठवड्याच्या तयारीच्या, म्हणजे स्वतःच्या कामांसाठी मोकळ्या ठेवलेल्या दिवशी घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करण्याची मोकळीक मिळाली. तुमच्या संस्थेचा नियम काय आहे ते पाहा आणि त्यात बसेल असा एकच वार ठरवून तो कळवा. सोबत हेही लिहा की दहा दिवस माझ्याकडून काहीच आले नाही तर संस्थेच्या अमुक क्रमांकावर विचारा, तोपर्यंत नेटवर्क नाही असे समजा. तुमच्या मौनाचा अर्थ कसा लावायचा हे घरच्यांना ठाऊक असले की तुम्हालाही मोकळेपणाने काम करता येईल.

पहिल्या काही महिन्यांविषयी त्यांना आधीच सावध करा. नव्या देशात गेलेल्या माणसाला बसणारा संस्कृतीचा धक्का मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६०मध्ये मिशनकार्यातल्या लोकांमध्ये वाचल्या जाणाऱ्या एका नियतकालिकात मांडला होता. सुरुवातीला सगळे नवे आणि मोहक वाटते, आणि मग चिडचिड, तक्रार, घराची ओढ असा काळ येतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. तुमची पहिली पत्रे आनंदाची आणि नंतरची उदास असतील तर बाबा त्याचा अर्थ ‘मुलीचे काहीतरी बिनसले’ असाच लावतील. ‘दोन-तीन महिन्यांनी मी कुरकुर करू लागले तर ते बहुतेकांचे होते, असे आम्हाला शिकवले आहे, ऐकून घ्या, लगेच परत ये म्हणू नका’ एवढे एक वाक्य पुरे.

आणखी दोन लहान पण आवश्यक सूचना. मंडळीतल्या हितचिंतकांना तुम्ही जे प्रार्थनापत्र पाठवाल तेच घरी पाठवू नका. त्यात कार्याचा वृत्तान्त असतो. आपली मुलगी तापाने आजारी होती हे आईबापांना दोनशे लोकांबरोबर कळावे, हे फार दुखावणारे असते. दुसरे, तुम्ही ज्या देशात जाता तिथे धार्मिक कार्य नाजूक मानले जात असेल तर घरच्यांना स्पष्ट सांगा की तुमची पत्रे आणि छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवू नयेत. आई अभिमानाने पाठवील आणि तिथे तुमच्याबरोबर काम करणाऱ्या स्थानिक बांधवांवर संकट येईल.

एवढे सगळे चार पानांत कसे बसवायचे, असे तुम्ही विचाराल. पाचारणाविषयीचा मजकूर अर्ध्या पानावर आणा. तो घरच्यांना ठाऊक आहे. तुम्ही प्रशिक्षणाला गेलात तेव्हाच त्यांनी तो ऐकला आणि स्वीकारला. त्याऐवजी प्रशिक्षणातला तुमचा एखादा साधा दिवस लिहा: पहाटे किती वाजता उठता, नवी भाषा बोलताना कोणता उच्चार अजून जमत नाही, शेजारच्या खाटेवरची मैत्रीण कशी आहे. तुम्ही बरोबर नेणार असलेल्या सामानाच्या यादीत आईने शिवलेल्या पिशवीचा उल्लेख होता, तोही या पत्रात येऊ द्या.

पत्र हाताने लिहा आणि या आठवड्यातच पाठवा. निघण्याच्या आदल्या दिवशी पोचलेल्या पत्राला उत्तर देता येत नाही, आणि हे पत्र उत्तर येण्यासाठीच लिहायचे आहे. ते पोचल्यावर दोन दिवसांनी फोन करा आणि आईशी बोलून झाले की फोन बाबांना द्यायला सांगा. ‘पत्र कसे वाटले’ असे विचारू नका. ‘तुमच्या प्रश्नाचे उत्तर पुरेसे झाले का, आणखी काही विचारायचे आहे का’ असे विचारा. ते कदाचित तिकिटाविषयी विचारतील, कदाचित विम्याच्या कागदाची प्रत मागतील. ती लगेच पाठवा. काहीच बोलले नाहीत तर आग्रह धरू नका. निघण्यापूर्वी घरी जाण्याची परवानगी मिळत असेल तर कार्यालयाने दिलेली लेखी उत्तरे आणि तातडीच्या क्रमांकांचा कागद बरोबर न्या आणि तो बाबांच्याच हाती द्या. परवानगीचा अर्ज मात्र आजच करा, कारण शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचेच अर्ज येतात.